उतेकर नानांच्या ग्रामपंचायती

उतेकर नानांविषयी खरं ते सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नाना आता नाहीत. गावात त्यांच्या गमती निघाल्या की मीही तीन सांगतो, लोक हसतात, आणि चौथीपाशी मला हटकून काहीतरी काम आठवतं. आज ती चौथीही सांगणार आहे.

नानांना कुठलीच गोष्ट एकटी चालत नसे. 'आज फार उकडतंय' असं कुणी म्हटलं की ते शांतपणे विचारत, "कोणाच्या मानानं?" रस्ता खराब आहे, चहा गोड झालाय, सून तापट आहे, सगळ्याला हाच प्रश्न. चहाची टपरी चालवणाऱ्या शेवंतानं एकदा त्यांना बजावलं, "नाना, माझा नवरा आळशी हाय. आता विचारा कोणाच्या मानानं, म्हंजे मी एकेकाची नावंच घेते." टपरीवरचे चारपाच नवरे चुळबुळ करू लागले. नाना अर्धा चहा टाकून उठले.

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर भाच्यानं त्यांच्या फोनवर एक संकेतस्थळ उघडून दिलं. त्यात कुठल्याही दोन ग्रामपंचायती निवडायच्या, की दोघींचा जमाखर्च शेजारीशेजारी दिसतो. पाण्यावर किती, रस्त्यावर किती, माणशी किती पडले. लोक क्रिकेट बघतात तसे नाना ग्रामपंचायती बघू लागले. कशेडी घाटात दरड आली आणि गाड्या तुंबल्या, तेव्हा ट्रकवाले खाली उतरून शिव्या घालत होते. नानांनी त्यातल्या एकाला त्याचं गाव विचारलं आणि तिथली घरपट्टीची वसुली काढून दाखवली. "बरं चाललंय हो तुमचं गाव," नाना म्हणाले. ट्रकवाला म्हणाला, "असंल काका, पण मला तिथं पोचू तर दे."

मी त्या वेळी गावचा ग्रामसेवक होतो, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणत. एका मयताला आम्ही स्मशानात उभे होतो. चिता पेटली. नाना हळूच माझ्याजवळ सरकले. मला वाटलं, मयताविषयी दोन शब्द बोलतील. त्यांनी डोक्यावरच्या पत्र्याकडे बघत विचारलं, "भाऊसाहेब, ही शेड कुठल्या खर्चात घातलीत?"

आता चौथी.

पंचायतीच्या कार्यालयात तेव्हा इंटरनेट नसे. मार्चअखेर आला की मी पोलादपूरला जाऊन एका दुकानातल्या संगणकावर वर्षाचा जमाखर्च भरायचो. पाणी, गटार, दिवाबत्ती, प्रत्येकाचं पान वेगळं. पान भरत आलं की लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वर्षी मी वैतागलो, सगळा खर्च 'इतर' या एकाच रकान्यात टाकला आणि गाडी पकडून घरी आलो. बेरीज बरोबर होती. आम्हा ग्रामसेवकांत बेरीज जुळली की पुढचं कुणी बघत नसे.

नानांनी बघितलं. देवळातल्या ग्रामसभेत ते फोन हातात धरून उभे राहिले. "आजूबाजूच्या सगळ्या ग्रामपंचायती लावून बघितल्या. पाण्यावर आपला खर्च शून्य हाय. भाऊसाहेबांनी याचं कारण सांगावं."

त्याच वर्षी गावात नवी पाइपलाइन झाली होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळी त्याच नळाखाली आंघोळ करून आलाव ना, नाना?" सरपंचबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रकाना चुकला, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाना, हे एसटीचं टाइमटेबल नाही."

देऊळ हसून हसून दमलं. त्या दिवसापासून नाना टपरीवर दिसले की पोरं विचारायची, "नाना, दापोली गाडी कितीला?" थोड्या दिवसांनी नाना टपरीवर येईनासे झाले. त्यांची नेहमीची जागा बाकावर रिकामी दिसे, आणि मी चहा उभ्यानं पिऊ लागलो.

पाऊस सरल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागायचं ठरवूनच. नाना ओटीवर एकटेच बसले होते. रागावले नाहीत. आत जाऊन कोरा चहा करून आणला. फोन पाटावर उघडाच होता. एका बाजूला आमचं गाव, दुसऱ्या बाजूला कुठलं तरी अनोळखी नाव.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"सुमनचं."

सुमन त्यांची एकुलती एक मुलगी. घाटावर दिली होती, दुष्काळी भागात.

"फोन केला की म्हणते, सगळं बरं हाय, नाना," ते म्हणाले. "पोरी दुसरं काय सांगणार? आई असती तर तिला तरी सांगितलं असतं. मग मी रोज इथं बघतो. यंदा पाण्यावरचा खर्च वाढलाय त्यांचा. म्हंजे दारात नळ आला असंल. ह्यो बघा." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. आकडा खरंच वाढला होता. "आपल्या गावाचं माझ्याच वाचण्यात काय तरी चुकलं असंल. सभेत तुम्हाला उगाच बोललो. मनात ठेवू नका, भाऊसाहेब."

मी घरून वाक्य जुळवून आणलं होतं. पण ते बोलायचं, तर त्या फोनमधले आकडे माझ्यासारखाच कुणीतरी गाडी पकडायच्या घाईत भरतो, हेही सांगावं लागलं असतं.

"तिकडचा ग्रामसेवक मन लावून भरत असंल ना?" नानांनी विचारलं.

"भरतच असणार," मी म्हणालो.

नाना समाधानानं हसले. उठताना मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यांना वाटलं चहात काही राहिलं. "साखर कमी पडली काय?"

मी नाही म्हणालो आणि चपला घातल्या.