दोन आखूड, एक लांब

हॉलमधला एसी असा गार होता की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर खांद्यावरून ओढून घेतले होते. मानस शितोळेला मात्र दरदरून घाम फुटला होता. त्याच्या पणजोबांनी होळकरांच्या फौजेत असताना एका डरकाळीनं वाघ पळवला, असं घरात सांगतात. वाघाची बाजू कुणी ऐकलेली नाही. पणतू मात्र गाईडच्या चपलांचा आवाज आला तरी उचक्या देतो. आज तर पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, तीही सगळ्यांसमोर.

"अरे भिया, घाबरतोस कशाला? मी बसलोय ना!" गाईड डॉ. श्रीपाद दिघे पाठीवर थाप मारत म्हणाले.

भीतीचं मुख्य कारण तेच होतं.

विषय असा, की इंटरनेटला जोडलेल्या नव्या गाड्या मालकाच्या काय काय चुगल्या करतात. विभागातल्या लोकांनी पाच गाड्यांची माहिती दिली होती. पाचवी मानसची स्वतःची. त्यानं नावं पुसली, नंबर पुसले, घरांचे पत्ते पुसले. बाकीच्या चारांतली कुठली कुणाची, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं. प्रबंधाचं म्हणणं एवढंच, की इतकं पुसूनही माणूस सापडतोच.

पुण्याहून आलेल्या परीक्षक अस्मिता मॅडमनी चष्मा नाकावर ओढला. "म्हणणं छान आहे. आता एक माणूस शोधून दाखवा. नाहीतर आणखी दोन वर्षं काम करा."

दोन वर्षं! मानसनं तिसऱ्या रांगेत पाहिलं. बायको शमिका पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवरा रोज दुपारी लायब्ररीत डोळे फोडतो, या विश्वासावर तिनं सासरचं सगळं एकटीनं ओढलं होतं. सकाळीच म्हणाली होती, "आज डॉक्टर नाही झालास ना, तर मी चालले माहेरी, देवासला."

त्यानं तीन नंबरची गाडी पडद्यावर आणली.

"ही रोज सकाळी लालबागेकडे निघते, पण पोचत नाही. राजवाड्यामागच्या एका गल्लीत थांबते. इंजिन चालू. ड्रायव्हर उतरत नाही. आणि निघताना... सीटवरचं वजन वाढलेलं असतं."

"किती?"

"पाव किलो, मॅडम. रविवारी अर्धा."

हॉलमध्ये खसखस पिकली. फक्त दिघे सर खुर्चीत दोन बोटं खाली सरकले. कारण मागच्या दारातून इंदुमतीकाकू, त्यांची पत्नी, आत येत होत्या. हातात सरांचा डबा, डब्यात उकडलेले मूग. शुगर निघाल्यापासून सर रोज लालबागेत फिरायला जात, दुपारी मूग खात, तरी त्यांचं पोट तसूभर हलत नव्हतं. तुकोगंजच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

"गल्लीत शिरताना हॉर्न वाजतो. रोज सेम टू सेम," मानस म्हणाला. "ऐकवतो."

"राहू दे रे! टाइम कुठंय?" सर गरजले.

सर गरजले की मानस दचके. तो दचकला आणि बोट नेमकं बटणावर पडलं.

टूं टूं टूंऽऽऽ!

काकूंच्या हातून डबा सुटला. मूग घरंगळत अस्मिता मॅडमच्या पायांपर्यंत गेले.

"अहो! हा तर तुमचा हॉर्न! लग्न ठरल्यावर आमच्या घराखाली स्कूटरवरून हाच वाजवायचात ना? दोन आखूड म्हणजे 'इंदू', लांब म्हणजे 'ये'. आता त्या गल्लीत कुठली इंदू बसलीय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काकीजी, इंदू-बिंदू कोणी नाही, कचोरीवाला बसतो. दोन कचोरी, एक जलेबी!"

हॉल हसून लोळला. अस्मिता मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "दिघे सर, गाडी तुमची आहे का? तुम्ही नाही म्हणालात, तर यानं काहीच सिद्ध केलेलं नाही."

सरांनी काकूंकडे पाहिलं. मग मानसकडे. मानसच्या उचक्या सुरू झाल्या होत्या.

"नाही म्हणा, सर," तो पुटपुटला. "मी काढतो... दोन वर्षं."

सर उठले. "गाडी माझीच. पोरगा पास."

"आणि तुम्ही नापास," काकू म्हणाल्या. "वेचा ते मूग."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मानसला रडू फुटलं. शमिकानं डब्याचं झाकण उघडलं.

सर मूग वेचत वेचत टेबलापर्यंत आले. "मॅडम, एका उदाहरणावर काय होतं? पाच नंबरची पण बघू या की. रोज दुपारी लालबागेजवळ झाडाखाली उभी. सीट पूर्ण मागे पाडलेली. आतला माइक चालू आहे वाटतं?"

"सर, राहू द्या! टाइम कुठंय?" मानस ओरडला.

सर मुळीच दचकले नाहीत. त्यांनी शांतपणे बटण दाबलं.

हॉलभर घोरणं घुमलं. दोन आखूड, एक लांब.

तिसऱ्या रांगेत शमिकानं झाकण पुन्हा लावलं. डॉ. मानस शितोळेंनी पदवीनंतरची पहिली उचकी दिली.