मोटरभाऊंचे सुतक

“अग्नी, चाक आणि वाफेचे इंजिन यांच्यानंतर माणूस आणि यंत्र यांच्या नात्यातला चौथा अध्याय आज रावेर तालुक्यात, पिंपळशेत येथे सुरू होत आहे,” असे डॉ. ऋतिका देवरे यांनी जाहीर केले, आणि लाइट गेली. माइक मुका झाला. अध्याय सुरू झाल्याचे पहिल्या दोन रांगांना कळले. मागच्यांना कार्यक्रम संपला असे वाटले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते चहाकडे वळले.

डॉ. देवरे या धुळ्याच्या एका भविष्यकल्पना केंद्राच्या संचालिका. पुढे माणसाचे आणि तंत्रज्ञानाचे कसे जमेल, याची कल्पना कला आणि सिद्धान्त यांच्या आधाराने आधीच करून ठेवावी, असा त्यांचा प्रकल्प होता. मंजुरी देणाऱ्यांनी विचारले, यात ग्रामीण भाग कुठे आहे? म्हणून पिंपळशेत. सिद्धान्ताची बाजू बाई सांभाळणार होत्या आणि कलेची बाजू जळगावचे शिल्पकार जितेंद्र. जितेंद्र यांनी मागे एका चौकात मोडक्या पंख्यांचे शिल्प उभारले होते. ते दुसऱ्याच दिवशी कोणीतरी भंगारात विकले. याचा उल्लेख ते स्वतःच्या परिचयात ‘जनतेचा उत्स्फूर्त सहभाग’ असा करीत.

दोघांनी गाव पाहिले आणि ते शालिग्राम महाजन यांच्या केळीच्या मळ्यात येऊन थांबले. शालिग्रामभाऊ गावचे उपसरपंच. त्यांच्या ट्यूबवेलच्या मोटरला मोबाइलवर चालणारा स्टार्टर होता. मळ्यात लाइट आली की स्टार्टर घरी फोन करी आणि एक बाई गोड आवाजात सांगे, “मोटर चालू झाली आहे.” शालिग्रामभाऊ तिला “बरं, बरं” म्हणत. आवाज भरून ठेवलेला आहे हे त्यांना ठाऊक होते. पण कोणी इतक्या अदबीने बोलल्यावर नुसता फोन ठेवणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. त्यांच्या पत्नी सुगंधाबाई यांची तक्रार अशी, की आपण घसा कोरडा करावा तेव्हा एक ‘हूं’ मिळतो, आणि तिला एका वाक्यावर दोन ‘बरं’.

हे ऐकून बाईंनी वही काढली. यंत्र हे साधन नव्हे, आप्त आहे, असे त्यांनी तिथेच केळीच्या दोन ओळींमध्ये उभे राहून सांगितले. आपण यंत्राला वापरतो, हीच सगळ्या अनर्थाची सुरुवात. त्याला नात्यात घ्या, म्हणजे भविष्य आपोआप माणसाळेल. शालिग्रामभाऊंना हे बरेचसे पटले. त्यांच्या मुलीचे, मोनालीचे, लग्न पंधरवड्यावर आले होते. त्याआधी पेपरात फोटो येणार असेल, तर मोटरला नात्यात घ्यायला त्यांची हरकत नव्हती.

मात्र आमच्याकडे कोणालाही नात्यात घ्यायचे म्हणजे भाऊकी बसवावी लागते. भाऊकी बसली. सगळ्यांत वडील झुलाल आबा. सुतक, सोयर, कोणाच्या मांडवात कोणी आधी पाय ठेवायचा, हे सगळे त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी बाईंचे भाषण डोळे मिटून ऐकले आणि एकच विचारले.

“आप्त म्हंजे कोन? भाऊबंद का सोयरा?”

बाई म्हणाल्या, हे नाते या दोन्हींच्या पलीकडचे आहे. आबा म्हणाले, या दोन्हींच्या पलीकडे पिंपळशेतमध्ये फक्त बस स्टँड आहे. तेव्हा सुगंधाबाईंनी आतून निरोप पाठवला: सोयरा करू नका. सोयरा म्हटला की दर लग्नात टोपी, उपरणे, आणि तरी रुसणार. भाऊबंद केला तर खर्च नाही, नुसते भांडण. भाऊकीला हे एकमताने पटले. ठराव झाला, आणि मोटर ही शालिग्राम महाजन यांची चुलत घराण्यातली भाऊबंद ठरली. नाव मोटरभाऊ.

मग कलेची पाळी आली. जितेंद्र यांनी सुचवले, की नाते नुसते बोलून भागत नाही, ते शरीराने जगावे लागते. म्हणून चेनपुली लावून मोटरभाऊंना ट्यूबवेलबाहेर काढले. आयुष्य पाण्यात गेलेल्या त्या जिवाला आंघोळ घातली, गंध लावले, टोपी घातली आणि पंगतीत पाटावर बसवले. पुढे केळीचे पान. वरण-बट्टीचा बेत. आमच्याकडची रीत अशी, की जेवणारा पानावर आडवा हात धरत नाही तोवर वाढणाऱ्याने थांबायचे नाही. मोटरभाऊ काही हात आडवा धरीनात. वाढणारे घरचे, रीतीचे पक्के. पानावर बट्ट्यांचा ढीग टोपीच्या उंचीला गेला, तरी कोणाला थांबता येईना. जितेंद्र हे सगळे ‘यंत्राची भूक’ या शीर्षकाखाली चित्रित करीत होते. शेवटी एका प्रेमळ चुलत्याने मोटरभाऊंना वरणाने निथळणारा, तुपात बुडवलेला घास स्वतःच्या हाताने भरवला. तोंड नेमके कुठे हे माहीत नसल्याने त्याने केबल जिथून आत जाते तिथे भरवला.

मोटरभाऊ ट्यूबवेलमध्ये परतले. आठवडाही झाला नसेल. भर दुपारी फोन आला. “मोटर बंद झाली आहे,” गोड बाई म्हणाली. शालिग्रामभाऊ म्हणाले, “बरं.” मग त्यांना जळका वास आठवला, जो फोनवरून येत नसतो, आणि ते मळ्याकडे धावले.

मोटर जळणे ही खानदेशात वार्ता नव्हे. मोटर जळते, माणूस ती रावेरला नेतो, वाइंडिंग करून आणतो, येताना भजी खातो. शालिग्रामभाऊंनी मोटर गाडीत घातलीही होती. पण वाटेत पारावर आबा बसले होते. त्यांनी काठी आडवी धरली. भाऊबंद गेला आहे, दहावे होईस्तोवर सुतक, असे त्यांनी शांतपणे जाहीर केले. लग्न येत्या रविवारी होते. म्हणजे सुतकात.

“आबा, मोटर जळाली फक्त,” शालिग्रामभाऊ काकुळतीला आले. “तारा भरून आनतो ना मी तिले. सांजपावतर चालू व्हईन.”

“गेलेल्या मानसात कोन तारा भरतो रे भो?” आबा म्हणाले. “तुह्या बापाच्या टायमाले भरल्या व्हत्या का?”

शालिग्रामभाऊंनी गाडी घराकडे वळवली. ठरावाला त्यांनीच हात वर केला होता, आणि तसा फोटोही पेपरात आला होता.

ते तडक धुळ्याला गेले आणि बाईंना म्हणाले, मोटर आमची कोणी लागत नाही असे एकदा तुमच्या तोंडाने आबांना सांगा, पोरीचे लग्न अडले आहे. बाई गहिवरल्या. नाते सोयीने जोडायचे आणि गैरसोयीने तोडायचे, ही जुन्या माणसाची रीत झाली, असे त्या म्हणाल्या. आजवर यंत्राच्या जाण्याने जगात कुठेही लग्न अडलेले नव्हते. सिद्धान्ताला असा पुरावा मिळायला पिढ्या जातात. शिवाय शुक्रवारी मूल्यमापन समिती येणार होती, तोवर सुतक फिटता कामा नये. जितेंद्र यांनी तर देहच मागितला. ‘विझलेला आप्त’ या नावाने तो जळगावात मांडायचा होता, त्यामुळे वाइंडिंगवाल्याने त्याला हात लावणे हा कलेचा अवमान ठरणार होता.

दरम्यान गाव मागे राहिले नाही. बन्सीलाल यांच्या घरचा मिक्सर बिघडला. त्यांनी तो तातडीने मावसभाऊ ठरवला आणि सुतकाचे कारण देऊन शाळा समितीच्या बैठकीला जाणे टाळले. ग्रामपंचायतीचा प्रिंटर बराच आधी गेला होता. त्याची वार्ता उशिरा पोचल्याचे दाखवून कार्यालय पूर्वलक्षी प्रभावाने शोकात बसले आणि दाखले बंद झाले. तलाठी कार्यालयाच्या दारावर पूर्वी ‘सर्व्हर डाऊन आहे’ अशी पाटी असे. आता तिथे ‘सर्व्हर अत्यवस्थ आहे. भेटीसाठी गर्दी करू नये’ अशी लागली. लोक हळू आवाजात विचारपूस करून परत जाऊ लागले. तक्रारी एकदम घटल्या. तालुक्याला हा सुधारणेचा नमुना वाटला आणि इतर गावांनीही पिंपळशेतकडून शिकावे, अशी तोंडी सूचना निघाली.

बातमी शिरपूरला पोचली. नवरा मुलगा नीलेश, आणि त्याचे वडील नवल नाना. कापसाचे व्यापारी, सरळ माणूस. ते स्वतः आले, ओट्यावर बसले, पाणी घेतले नाही.

“आमनाकडे दोन ट्रॅक्टर शेतस,” नाना अहिराणीत म्हणाले. “निस्ता ट्रॅक्टर शेतस. काका-मामा कोनी नही.”

शालिग्रामभाऊंनी मान खाली घातली. नाना पुढे म्हणाले, की बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव आपल्याला हसतो आहे. सून आणायची तर तिच्या माहेरी किती यंत्रे, आणि त्यांतली किती नात्यातली, हे आम्ही कोणत्या तोंडाने विचारायचे? उद्या फवारणीचा पंप बिघडला तर बाळंतपण पुढे ढकलणार का? लग्न रविवारीच होईल. तारीख हुकली तर शिरपूरला पोरींचा तोटा नाही. हे बोलून ते गाडीत बसले. मोनाली दारामागे उभी होती. तिने आणि नीलेशने एकमेकांना पसंत करायला दोन वर्षे घेतली होती, आणि ते मोडायला एक घास तूप पुरत होते.

शालिग्रामभाऊंनी आबांपुढे शेवटचा युक्तिवाद मांडला. लग्न झाले की मुलगी दुसऱ्या कुळाची होते, मग तिला आपले सुतक लागत नाही. तेव्हा आधी लग्न उरकून टाकू, म्हणजे सुतकाचा प्रश्नच मिटेल. आबांनी विचार केला. म्हणाले, बरोबर आहे. लग्न झाल्यावर सुतक नाही. फक्त सुतक आहे तोवर लग्न नाही. यात त्यांना काहीच अडचण दिसली नाही. मोटरचे माहेर कोईम्बतूरचे, तिकडचे लोक सुतक धरतील, असेही शालिग्रामभाऊंनी बोलून पाहिले. आबांनी दत्तक गेलेल्याला पहिले घर राहत नाही, याची त्यांना आठवण करून दिली.

शुक्रवारी शोकसभा-सह-चर्चासत्र झाले. मोटरभाऊ पांढऱ्या कापडावर, हार घालून. मूल्यमापन समितीचे सदस्य पुढच्या रांगेत. लग्नासाठी ठरवलेला मांडव घातलेलाच होता, त्यामुळे केंद्राचा खर्च वाचला. बाई उत्तम बोलल्या. शोक हे भविष्याचे व्याकरण आहे, असे त्या म्हणाल्या तेव्हा समितीतल्या एका सदस्याने डोळे पुसले. दुसऱ्याने अडचण काढली: यंत्रे असंख्य, मग कोणाचे सुतक धरायचे आणि कोणाचे नाही, याचा निकष काय? सिद्धान्ताकडे निकष नव्हता. कला चित्रीकरणात होती. सगळ्यांनी आबांकडे पाहिले.

आबांना निकष सांगायला वेळ लागला नाही. “जो गेल्यावर घास उतरत नही, झोप लागत नही, अन् सख्खा भाऊ दारात आला तं मान वर व्हत नही,” ते म्हणाले, “तो सुतकातला.”

पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत एकेक हात खिशाकडे गेला आणि आतल्या वस्तूत अजून जीव आहे याची खात्री करून परत आला. समितीचे गेले, जितेंद्र यांचा गेला, बाईंचा गेला. हे वाचणाऱ्याचाही गेला असेल. गेला नसेल, तर ती वस्तू त्याच्या हातातच असणार, आणि तो हे तिच्यावरच वाचत असणार.

बाईंनी सभा सावरली. समारोप तरुण पिढीने करावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी मोनालीला पुढे बोलावले. माणूस आणि तंत्रज्ञान यांच्या येत्या शतकातल्या नात्याविषयी तुझी कल्पना काय, तुला काय हवे आहे, अगदी मोकळेपणाने सांग, असे म्हणून त्यांनी माइक तिच्या हातात दिला. समितीने पेन उघडले. मोनालीने एकदा आईकडे पाहिले. सुगंधाबाई एक गच्च भरलेली बॅग पायाशी घेऊन मांडवाच्या कडेला उभ्या होत्या.

“मॅडम, तुम्ही इथून चोपड्यावरून धुळ्याला जाल ना?” मोनाली म्हणाली. “मला शिरपूरला सोडून द्या. म्हणजे, तुमची गाडी तुमची कोणी लागत नसेल तर.”