शेवटचा बारीक परिच्छेद

"या रविवारी वाचणार म्हणजे वाचणारच! बघाच तुम्ही!"

हे बाई कुणाला म्हणाल्या, तर आरशाला. चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा! एकूण एकवीस आरसे, त्यामुळे एकवीस बायकांनी एकदम ठामपणे मान हलवली. एवढा पाठिंबा बाईंना जन्मात कधी मिळाला नव्हता.

प्रकरण असं होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी माणसं जमत आणि आपल्या रोजच्या जगण्यावर लिहिलेलं एकेक पान वाचून दाखवत. बाईंनी आजवर दोनदा नाव दिलं होतं. पहिल्यांदा त्या जिन्यातूनच परत फिरल्या. दुसऱ्यांदा आत जाऊन बसल्या, पण नाव पुकारलं तेव्हा इकडेतिकडे बघत शेजारणीला म्हणाल्या, "आल्या नाहीत वाटतं त्या!" आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडल्या.

कारण पान लिहून तयार होतं, आणि ते कुणीतरी ऐकावं म्हणून बाईंचा जीव तुटत होता. कुणीतरी म्हणजे कोण, हेही सांगून टाकतो. चष्मेवाले! बाईंचे यजमान. गिऱ्हाइकं त्यांना 'डॉक्टर' म्हणत आणि तेही ती चूक कधी दुरुस्त करत नसत. दोघं तीस वर्षं एकाच दुकानात होती. बाई काउंटरवर फ्रेमी दाखवायच्या आणि चष्मेवाले पडद्यामागे डोळे तपासायचे. दोघांतलं बोलणं म्हणजे "अगं, तो स्क्रू दे," आणि "अहो, घ्या."

पण समोर ठेवायचा धीर होईना. पान त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून बाईंनी ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर 'वाचन कार्ड' या नावाखाली दडवलं होतं. त्या नावाकडे हा माणूस ढुंकून बघणार नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

आता हे वाचन कार्ड म्हणजे जवळचं दिसतंय का ते तपासायचं कार्ड. वरचा परिच्छेद ठसठशीत, मग प्रत्येक परिच्छेद आधीपेक्षा बारीक, आणि सर्वांत खालचा मुंगीएवढा. माणूस मोठ्यानं वाचत जातो आणि जिथं अडखळेल त्यावरून नंबर ठरतो. जुन्या कार्डावर स्वच्छतेचे फायदे होते, पण हजारो अंगठ्यांनी ते पुसट झालं होतं. "नवीन टाइप करून ठेव," असं चष्मेवाल्यांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. बाई विसरल्या, पण चष्मेवाले विसरले नाहीत!

सोमवारी बाई बँकेत गेल्या असताना त्यांनी कॉम्प्युटर उघडला. समोरच 'वाचन कार्ड' दिसलं. उघडून बघण्याचं काहीच कारण नव्हतं. 'जुन्या कार्डासारखंच छापा' म्हणून दिलं धाडून छापखान्यात!

मंगळवारी पडद्यामागून एका निवृत्त हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला. "माझे यजमान दिवसाला चाळीस माणसांच्या डोळ्यांत बघतात."

बाईंच्या हातातली फ्रेम खाली पडली.

"घरी आल्यावर मात्र ते पंख्याकडे बघतात, घड्याळाकडे बघतात, आमटीत मीठ जास्त झालं तर आमटीकडेसुद्धा बघतात." हेडमास्तर थांबले. "डॉक्टर, हे कुणी लिहिलंय?"

"छापखान्यातून येतं. पुढे वाचा."

बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. पण पडद्याआड जाऊन कार्ड हिसकावून घ्यायचं तर कारण सांगावं लागणार! त्या काउंटरखाली बसल्या आणि पडलेल्या फ्रेमचा स्क्रू शोधू लागल्या. खरं सांगायचं तर त्या ऐकत होत्या. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं खरं वाटतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि चष्मेवाले? तेही कान देऊन ऐकत होते, पण फक्त माणूस कुठं अडखळतो ते टिपायला.

आणि माणसं अडखळू लागली! एक बसड्रायव्हर तिसऱ्या परिच्छेदावर गप्प झाला. त्याला बायको आठवली होती. चष्मेवाल्यांनी नंबर वाढवला. शिवणक्लासवाल्या बाईंचा दुसऱ्याच परिच्छेदात गळा दाटून आला. आणखी वाढवला! हेडमास्तर तर चौथ्यावर पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना असा जाड भिंगाचा चष्मा मिळाला की त्यातून घरची मांजर वासराएवढी दिसावी.

शनिवारी सकाळी तिघंही एकदम दुकानात!

"डॉक्टर, बसची पायरी वर येते आणि खाली जाते!"

"मी सुईत दोरा घालायला गेले आणि बोटच ओवत होते!"

चष्मेवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तीस वर्षांत एक नंबर चुकला नव्हता. ते खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "माझंच काहीतरी बिघडलंय. दुकान बंद केलेलं बरं."

बाईंना ते बघवेना. जिन्यातून परत फिरणं सोपं होतं, पण इथून फिरून जायचं कुठं?

"तुमचं काही बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "कार्ड माझं आहे. मी लिहिलंय ते. ह्या तिघांना दिसत होतं सगळं, फक्त पुढे वाचवत नव्हतं."

चष्मेवाल्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, आणखी लांब धरलं, शेवटी हात संपला. "तूच वाच," ते म्हणाले.

आणि बाईंनी वाचलं. सगळे परिच्छेद ओलांडून बाई त्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत आल्या, जिथवर एकही गिऱ्हाईक पोचलं नव्हतं.

"माझं मागणं फार नाही. एकदा त्यांनी काही तपासायचं नसताना, नुसतं माझ्याकडे बघावं. मी अजून इथंच आहे."

शिवणक्लासवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, उद्या वाचनालयात हेच वाचा. मी पहिल्या रांगेत बसतो."

"वाचणार," बाई म्हणाल्या. त्यांनी आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

चष्मेवाले उठून अगदी समोर येऊन उभे राहिले. त्यांनी बाईंकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. बाईंनी केसांवरून हात फिरवला.

"काहीतरी बोला ना!"

"धूसर दिसतेस," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "दोन वर्षं झाली, जवळचं दिसत नाही मला. सांगायची लाज वाटली गं. चष्मेवालाच मी!"

"अहो, कमाल झाली तुमची! बसा त्या खुर्चीत!"

बाईंनी तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, भिंग घातलं आणि कार्ड हातात दिलं. चष्मेवाले मोठ्यानं वाचू लागले. तिसऱ्या भिंगाला त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत सगळं लख्ख दिसलं.

बाईंनी मात्र आणखी अकरा भिंगं बदलून पाहिली, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून वाचायला लावलं.