लवकर सत्तरचे व्हा!

माझ्या निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सांत्वन केलं ते फक्त दादारावभाऊंनी. हार गळ्यात घालून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "सर, अठ्ठावन म्हंजे काईच नाई. अजून बारा वर्सं काढा लागतीन तुमाले. पण हिंमत सोडू नका. लवकर सत्तरचे व्हा!"

समोरचे शिक्षक पोट धरून हसले. त्याच सकाळी मी केसांना कलप लावला होता आणि आपण पन्नाशीच्या आतले दिसतो अशा समजुतीत हेडमास्तरच्या खुर्चीवर शेवटचा बसलो होतो. समजूत कार्यक्रम संपेपर्यंतही टिकली नाही.

दादारावभाऊ वाशीममधले माझे शेजारी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. केंद्र सरकारनं सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, मग तो गरीब असो की श्रीमंत, दवाखान्यात भरती झाल्यावर फुकट उपचाराचं कार्ड द्यायचं ठरवलं आणि तेव्हापासून सत्तर हा आकडा भाऊंच्या डोक्यात ठाण मांडून बसला. कुणी भेटलं की ते आधी वय विचारतात, मग नाव. साठीचा माणूस भेटला तर हळहळतात. पासष्टीचा भेटला तर पाठ थोपटतात. आणि कुणी सत्तरी गाठली की स्वतः त्याला मोटारसायकलवर मागे बसवून कार्ड काढायला नेतात, घरी आणून शाल देतात, नारळ देतात आणि बायकांना ओवाळायला लावतात.

एका लग्नात त्यांनी नव्या जोडप्याला हाच आशीर्वाद दिला. नवरीच्या आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, पोरीला शाप दिला. मी मध्ये पडून समजावायला गेलो, तर ती माझ्यावरच उखडली, "तुमी तरी मोठ्या माणसानं असं बोलू द्यावं का?" मोठा माणूस! मी जेवण न करताच निघालो.

वयाचं हे वेड मूळचं नोकरीतलं. जन्मभर अर्ध्या तिकिटावरून आयांशी भांडलेला माणूस. आई म्हणायची पोरगं चारचं आहे, भाऊ पोराला हसायला लावायचे आणि दात पाहून म्हणायचे, "बाई, चारच्या लेकराचे पुढचे दात पडतेत का?" त्यांना फसवणं कुणाला जमत नसे असं ते अभिमानानं सांगायचे. माझं वयही त्यांनी पहिल्या भेटीत बरोबर ओळखलं होतं. म्हणाले, "केसं काळे केले सर, पण मानेचं काय?" तेव्हापासून मी उन्हाळ्यातसुद्धा कॉलरचं वरचं बटण लावतो.

मी तसा सुशिक्षित माणूस. माझ्याकडे खाजगी कंपनीचा आरोग्य विमा आहे. सरकारनं त्यावरचा जीएसटी काढून टाकला तेव्हा मी खूश होऊन भाऊंना बोलावून पेढे दिले. पेढा तोंडात असतानाच कंपनीचा मेसेज आला, की आपण आता पुढच्या वयोगटात गेला आहात, सबब हप्ता वाढला आहे. भाऊंनी शांतपणे दुसरा पेढा उचलला. "सरकारनं सोडलं, कंपनीनं धरलं. खा सर, तुमीबी एक खा."

माझ्या बीपीच्या गोळ्याही त्यांनी सोडल्या नाहीत. मी नामांकित कंपनीची महागडी गोळी घेत असे, कारण महाग औषधाला बीपी घाबरतं असं मला मनातून वाटायचं. भाऊ मला ओढून सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानात घेऊन गेले. विद्यार्थ्यांचे पालक पाहतील म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून गेलो होतो. दुकानदारानं ओळखलं आणि "या सर" म्हणून मोठ्यानं हाक मारली. गोळी तीच निघाली, किंमत कितीतरी कमी. बीपीही गुमान खाली आलं. तरी मी बरेच दिवस ती स्वस्त गोळी जुन्या महागड्या डबीत घालून टीपॉयवर ठेवत होतो. भाऊंनी डबी उघडून पाहिली. "झाकून ठेवलं तं जास्त उतरते का सर?"

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र एक गोष्ट अडून बसली होती. वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, दोन्ही गुडघे पार गेले होते. भिंत धरून स्वयंपाकघरात जायच्या, भिंत धरून यायच्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. एसटीच्या पेन्शनीत ते बसणं शक्य नव्हतं. रेशनकार्ड त्यांच्या गावी, केनवडला, भावाच्या नावावर राहिलेलं, म्हणून राज्याची योजनाही हुकली. उरलं फक्त सत्तरीचं कार्ड. भाऊ एकाहत्तरचे, त्यांना ते मिळालं होतं. वहिनी आधार कार्डावर सदुसष्टच्या. म्हणजे आणखी तीन वर्षं भिंत.

एकदा चहा पिताना मी विनोद करायला गेलो. "भाऊ, गावाला आशीर्वाद वाटता, एक वहिनींनाही द्या की. होऊ द्या त्यांना लवकर सत्तरच्या."

भाऊंनी कप खाली ठेवला आणि ते उठून निघून गेले. माझे विनोद असेच असतात. ते शाळेतही कुणाला आवडत नसत, पण तिथे हसणं सक्तीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना ते आपणहून बोलले. "सर, ते सत्तरची कवाच होऊन गेली. त्र्याहत्तर चालू हाय तिले."

मी थांबलो.

"माह्याहून दोन वर्सानं मोठी हाय ते. लग्नाच्या टायमाले दोनी घरच्यायनं दडवलं. पण केनवडच्या बायका का सोडतेत? उंचीनंबी मोठी, वयानंबी मोठी. नवरा पोरगं अन नवरी बाई, असं म्हणे जो तो. पाण्याले गेली का चिडवत. घरी येऊन रडे. मंग लय वर्सानं आधार काढाले गावच्या शाळेत गेलो, तं मागं त्याच बायका उभ्या. लिवणाऱ्या पोरानं इचारलं, बाईचं वय काय? म्या मोठ्यानं सांगतलं, माह्याहून चार वर्सानं लहान लिवा. तिचं तोंड पाहाले पाह्यजे होतं सर तुमी. त्या दिसापासून सगळ्या बायकायची बोलती बंद. कागदच झाला ना. जन्मभर लोकायच्या लेकराचं वय धरलं अन माह्या घरचं मीच खोटं लिवलं."

"मग दुरुस्त करून घ्या ना. आसेगावला, त्यांच्या माहेरी, जन्माची नोंद असेलच."

"दाखला आणून ठेवला म्या. ते तयार नाई. म्हणते, गुडघ्यानं मरीन, पण मले नाई व्हायचं पुन्हा मोठी."

मी कलप लावलेल्या डोक्यानं त्यांच्याकडे पाहत राहिलो. वहिनींना हसायचा अधिकार जगात कुणालाही असेल, मला नव्हता.

मग संक्रांत आली. कॉलनीतल्या एका घरी हळदीकुंकवाला वहिनी खाली बसल्या आणि उठता उठेनात. दोघीतिघींनी काखेत हात घालून त्यांना उचललं. कुणी काही बोललं नाही, पण ते न बोलणं त्यांना लागलं असावं. घरी येऊन त्यांनी वाणाची वाटी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. करा मले मोठी."

आधार केंद्रावर मीही गेलो. त्यांना आधार द्यायला गेलो होतो, पण रांगेतल्या एका बाईनं मला पाहताच स्टूल पुढे केलं, "बसा बाबा, उभं राहू नका." मी बसलो. कलपाचे पैसे पाण्यात गेले हे एकदा मान्य केल्यावर स्टूल बरं वाटलं.

नंबर आला. खुर्चीवरच्या मुलीनं दाखला पाहिला, पडद्यावर पाहिलं, पुन्हा दाखला पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, काहीतरी चुकलंय. या दाखल्यानं आई तुमच्यापेक्षा मोठ्या होतात."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं. वहिनींनी पदर तोंडावर ओढला आणि टेबलाची कड घट्ट धरली. मला वाटलं, आता या मागे फिरणार.

तेव्हा दादारावभाऊंनी भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचायचा तो आवाज काढला. "चुकलं नाई पोरी. मोठीच हाय ते. लग्नापासून मोठी हाय. पयले म्या खोटं लिवलं होतं, आता खरं लिव!" आणि एवढं बोलून ते वळले, सगळ्या रांगेदेखत वाकले आणि त्यांनी बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवं, उठा ना! लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. मोठ्या माणसाच्या पाया पडाच लागते. इतके वर्सं राहूनच गेलं."

मी चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. भाऊ काही उठत नव्हते. कंबर धरली होती की आणखी काही, मला कळलं नाही. वहिनींनी हळूच तोंडावरचा पदर बाजूला केला. एक हात टेबलावर तसाच ठेवून दुसरा त्यांनी नवऱ्याच्या टकलावर टेकवला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुखी राय."