व्याह्यांचे दोन ट्रक

सीमेवरचा आयातकर उठल्याची बातमी ऐकताच लसूणशेठनी पलीकडच्या देशात दिलेल्या मुलीच्या सासऱ्यांना फोन लावला. व्याहीही लसणाचेच घाऊक व्यापारी. आजवर दोघांच्या मध्ये सरकार उभं होतं, म्हणून प्रेम टिकून होतं.

"काय व्याही, लसूण काय म्हणतोय तुमच्याकडे?"

"कुठला लसूण! औषधालाही उरला नाही. आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही खडखडाट. गोदामातले उंदीर उपाशी मरतायत."

खरं तर शेठच्या गोदामात पाच टन लसूण कोंब फुटायच्या बेतात होता आणि इथल्या बाजारात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण पलीकडे टंचाई आहे म्हटल्यावर शेठना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेजारधर्म पाळायची हीच वेळ होती.

"अहो, मग व्याह्यांना कळवून पाठवा की," बायको म्हणाली.

"छे! ते भाव पाडून मागतील. नात्यात व्यवहार आणू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठ ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून नाक्यावर हजर. व्यापार सुलभ झाल्यामुळे तिथे फक्त चार तास लागले. दोन्ही देशांच्या सामाईक नाक्यावरच्या साहेबांनी एकेका पोत्यावर 'परदेशी माल' असा जांभळा शिक्का हाणला. शेठचा ट्रक फाटकाकडे वळला, तेवढ्यात समोरून दुसरा ट्रक आला. त्यात ड्रायव्हरशेजारी व्याही.

दोघेही खाली उतरले. उतरणं भागच होतं.

"अरे वा! इकडे कुठे व्याही?" शेठनी विचारलं.

"सहजच. म्हटलं, सूनबाईच्या माहेरी जाऊन यावं."

"पाच-सहा टन लसूण घेऊन?"

"रिकाम्या हातानं कसं यायचं? आणि तुम्ही?"

"मीही लेकीलाच भेटायला निघालोय."

दोघांनी एकमेकांच्या ट्रककडे पाहिलं. दोन्हीकडून सारखाच उग्र वास येत होता. टंचाई दोन्ही देशांत तेवढीच होती, म्हणजे मुळीच नव्हती. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची आपुलकीनं चौकशी केली आणि ट्रक आल्या वाटेनं माघारी वळवले.

"साहेब, मी परत चाललोय. हे शिक्के तेवढे पुसून द्या," शेठ म्हणाले.

"शिक्का मारायचा नियम आलाय. पुसायचा अजून यायचाय," साहेब म्हणाले.

तोंड पाडून शेठ बाजारात परतले. हमालांनी पहिलं पोतं खाली टाकलं, कुणीतरी शिक्का वाचला आणि हां हां म्हणता गर्दी उसळली. शेठनी भीत भीत दीडपट भाव सांगितला. कुणी घासाघीससुद्धा केली नाही!

दहा वर्षं त्यांच्याकडूनच लसूण नेणारी खानावळवाली कोपरं मारत पुढे आली. तिनं एक पाकळी नखानं सोलली, हुंगली आणि डोळे मिटले.

"याला म्हणतात लसूण! नाहीतर तुमचा. नुसता पाला!"

शेठच्या काळजाला घरं पडली. "बाई, आपला लसूणही काही..."

"आपला म्हणे! शेजाऱ्यांकडून शिका जरा. हा आपला असता ना, तर मी निम्म्या भावातही उचलला नसता."

खरं काय ते शेठच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी मागे लावलेल्या पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं आणि ते तसंच गिळून टाकलं.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, "आपल्या लसणात दमच नाही. किती पोती देऊ?"