गाळलेल्या ओळीची बखर

श्रीविघ्नहर्ता प्रसन्न असो, जरी या मुलखात विघ्ने इतकी की त्या देवानेही हात टेकिले. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, चैत्रमास, ते समयी कोण्या एका बिनभिंतीच्या मुलखात जे वर्तले ते तैसेच लिहिले आहे. पदरचे घातले नाही, आणि कोणाची भीडही धरिली नाही.

त्या मुलखाचे वैभव म्हणजे एक दुभाषी. यंत्रास माणसांची बोली कळत नाही, माणसांस यंत्राची कळत नाही, सबब माणसांनी आपल्या रीतीने प्रोग्राम लिहावा आणि दुभाष्याने तो यंत्राच्या बोलीत उतरवून द्यावा, ऐसी व्यवस्था. फिरंगी त्यास कंपायलर म्हणत. हा दुभाषी कोणा एकाचे मालकीचा नव्हता. ज्यास पाहिजे त्याने न्यावा, ज्यास कळेल त्याने सुधारावा, दाम नाही, जकात नाही. मोठमोठ्या पेढ्यांनी तो नेला, त्याच्या जिवावर हवेल्या उठविल्या, आणि मुलखास काय दिधले, तर तक्रारी. मुलखाचे संस्थापक महाराज अशाच एका पेढीवर मोठ्या मानाने रुजू होऊन निघून गेले, आणि जाताना किल्ल्या कमळजाबाई सबनीस यांचे हाती देऊन "मुलूख सांभाळा" म्हणते जाहले. बाई दिवसभर दुसरीकडे चाकरी करीत आणि उरल्या वेळी दुभाष्याची डागडुजी करीत. लष्करच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच, आणि भाकरी करपली की लष्कर शिव्या देई, त्या निराळ्या.

मग दरबारी हैबतराव मोकाशी नामे सरदार चढले. शेजारच्या मुलखाचा दुभाषी चपळ आणि आपला मंद, हे त्यांस सोसेना. त्यांनी आपल्या दुभाष्यास नवी विद्या शिकविली, की प्रोग्राम उतरविताना जी ओळ निकामी दिसेल ती गाळावी. कोणी लिहिले की "अमुक घडल्यास थांबावे", आणि दुभाष्यास वाटले की अमुक घडणेच नाही, तर त्याने ती ओळ मुकाट्याने टाकून द्यावी, लिहिणारास विचारू नये. वेग वाढला आणि हैबतरावांचा जयजयकार जाहला. परंतु दुभाषी अतिशहाणा निपजला, आणि घडणाऱ्या गोष्टीही न घडणाऱ्या मानू लागला. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. येथे बैल दुसऱ्यांचे होते, म्हणून दरबारास त्याची फिकीर नव्हती.

वैशाखात घाटावरच्या एका गावाहून सोनोपंत दांडगे यांचा अर्ज आला. त्यांची पत्नी द्वारकाबाई दुखण्याने अंथरुणास खिळली होती, औषध नळीने थेंबथेंब अंगात जाई, आणि ते सोडणारे यंत्र सोनोपंतांनी घरीच जुळविले होते, प्रोग्रामही त्यांनीच लिहिला होता. त्यात एक ओळ ऐसी की, धार बेसुमार वाढली तर यंत्राने थांबावे. नव्या दुभाष्याने नेमकी तीच गाळिली. पंतांनी एकदा नुसते पाणी सोडून पाहिले, तेव्हा धार वाढत गेली आणि यंत्र थांबेना, मग त्यांस उमगले. जुना दुभाषी वापरावा तर तो या यंत्रास ओळखेना, वेगाची विद्या बंद ठेवावी तर प्रोग्राम फुगून यंत्राच्या इवल्या पोटात मावेना. तेव्हा पंत आपणच पलंगाशी बसले आणि नळीच्या चिमट्यावर बोट ठेवून थेंब पाहत राहिले. अर्जात लिहिले होते, "बाईसाहेब, मला तुमच्या दरबाराशी वाद घालायचा नाही. यंत्रानं जे पाहायचं ते सध्या मी पाहतोय. पण माणूस आहे, डोळा लागतो. एवढी एक ओळ गाळू नका."

कमळजाबाईंनी अर्ज वाचिला, हातची सगळी कामे बाजूस सारिली, दोष हुडकिला आणि डागडुजी सिद्ध केली. परंतु मुलखाची रीत ऐसी की, कोणाचीही डागडुजी, मग ती खुद्द किल्ल्या बाळगणाराची का असेना, दुसऱ्या सरदाराने मान डोलविल्यावाचून दुभाष्यात शिरू नये. रीत चांगली होती. वाईट रीतीपासून माणूस जपून तरी असतो. वेगाचा कारभार हैबतरावांकडे, सबब बाई त्यांजकडे गेल्या.

"हैबतराव, एवढं बघून घ्या आणि हो म्हणा. घाई आहे."

"बाई, यानं वेग उतरतो. नव्या आवृत्तीचा उत्सव तोंडावर आलाय. शेजारचे हसतील आपल्याला."

"थोडासा उतरेल. तिकडे एक बाई पलंगावर आहे हो."

"एका माणसाची तक्रार आहे ती. इतकी दुनिया वापरते, कुणी काही बोललं का? आणि तुमच्या या ओळी पाहा, एक आत, एक बाहेर. आधी समास तर सरळ करा."

बाईंनी दात आवळून समास सरळ केले. त्या मुलखात दर अर्जाची आणि दर डागडुजीची चर्चेची चावडी निराळी असे. मग इतर दरबारी मंडळी डागडुजीच्या चावडीवर जमली आणि नवाच वाद निघाला, की बाईंनी डागडुजीत जो आकडा राखिला आहे त्यास "मर्यादा" म्हणावे की "सीमा" म्हणावे. दोन तट पडले, आणि एक म्हणे मर्यादेस परंपरा आहे, दुसरा म्हणे सीमा आटोपशीर, आणि मग मागच्या उत्सवातले मानापमान निघाले, आणि कोणी कोणास उर्मट म्हटले, आणि मग उर्मट म्हणणे शिष्टाचारात बसते की नाही यावर निराळी सभा भरली. डागडुजी तैसीच उघड्यावर पडून राहिली. एकानेही ती चालवून पाहिली नाही. ऐसी विद्वान माणसे पाहिली म्हणजे अडाणीपणाविषयी आदर वाटू लागतो. सोनोपंतांनी आपल्या अर्जाच्या चावडीवर येऊन पुसले, "काही झालं का?" उत्तर मिळाले, विचार चालू आहे. काही दिवसांनी पुन्हा पुसले, तेव्हा उत्तरही मिळाले नाही. मग ते गप्प जाहले.

आता त्या दरबारी एक यांत्रिक चोपदार नेमिला होता. ज्या अर्जावर बहुत दिवस कोणी बोलले नाही तो शिळा जाणावा आणि निकाली काढावा, इतकेच त्याचे काम, कारण तुंबलेले अर्ज पाहुण्यांस दिसले तर अब्रू जाते. मंडळींचे रण माजले होते ते डागडुजीच्या चावडीवर. अर्जाच्या चावडीवर सामसूम होती, आणि चोपदार पाही ती अर्जाची चावडी. तो आला आणि पुकारता जाहला, "अर्जदार बोलत नाही, सबब गरज उरली नाही ऐसे समजून अर्ज निकाली काढिला. सहकार्याबद्दल आभार." त्या चोपदारास डोळे नव्हते हे त्याचे भाग्य. ज्यांस डोळे होते ते उत्सवाची तोरणे बांधीत होते.

उत्सव थाटात जाहला. हैबतराव उभे राहून बोलले की वेगात शेजारच्यांवर मात केली आणि तुंबलेले अर्ज निम्म्यावर आणिले, आणि टाळ्या पडल्या. पडद्यावर निकाली अर्ज सरकत होते, त्यांत कमळजाबाईंस सोनोपंतांचे नाव दिसले, आणि त्या भर सभेत उठल्या.

"गरज उरली नाही, हे विचारलं का कुणी त्यांना?"

"बाई, आज कशाला?" हैबतराव हसून म्हणाले. ते विजयाने उदार झाले होते. "बरं, घाला तुमची डागडुजी. आता काय, उत्सव झाला."

आणि मान डोलविली. इतके सोपे होते ते. मर्यादा की सीमा, कोणीही पुसले नाही. वरातीमागून घोडे निघाले, आणि लोकांनी घोड्याचेही कौतुक केले.

बाईंनी अर्ज पुन्हा उघडिला आणि सोनोपंतांस कळविले की दोष गेला, तपासून सांगावे. चार दिवसांनी उत्तर आले, "तपासलं. धार वाढली की यंत्र थांबतं. द्वारका गेल्या महिन्यात गेली. मला बसल्या जागी झोप लागली होती. तुम्ही वेळ काढलात, आभार." पहिला शब्द वाचून मंडळी समजली की काम फत्ते, आणि उत्तराखाली उंचावलेले अंगठे ठेवीत गेली. हैबतरावांनीही ठेविला. हे लिहिताना राग येतो, आणि तो झाकण्याचे कारण दिसत नाही.

मुलखाची आणखी एक रीत ऐसी की, दोष दुरुस्त केल्यावर त्याची एक तपासणी मागे ठेवावी, म्हणजे तो दोष पुन्हा शिरू पाहील तर ती ओरडेल. नवा दुभाषी घडविताना या साऱ्या तपासण्या चालतात आणि यंत्र एकेकीचे नाव घेऊन निकाल सांगते. बाईंनी या तपासणीचे नाव लिहिले, द्वारकाबाई.

"माणसांची नावं नियमात बसत नाहीत," हैबतराव म्हणाले. "क्रमांक द्या."

"मग नियम बदला. नाहीतर या किल्ल्या घ्या आणि मुलूख तुम्हीच चालवा."

किल्ल्या घेण्यास हैबतराव पुढे आले नाहीत, दुसराही कोणी आला नाही. नाव राहिले.

येणेप्रमाणे दोष निवारण जाहला, वेग राखिला गेला, उत्सव साजरा जाहला, आणि मुलूख नांदतो आहे. दूरदूरच्या गावी जो कोणी हा दुभाषी नव्याने घडवितो, त्याचे समोर यंत्र एकामागून एक नावे पुकारीत जाते, आणि त्यांत दर खेपेस न चुकता सांगते, द्वारकाबाई, ठीक.