सोळाव्या सोमवारचा टांगा

पाय मुरगळलाय तर देवळाची प्रदक्षिणा टांग्यातून घालू या, एवढंच काय ते पुतळाबाईंनी ठरवलं होतं. सोळावा सोमवार बुडवायचा कसा? यजमान मोतीराम सहा वर्षं नगरपालिकेत हंगामी कारकून. ते कायम व्हावेत म्हणून तर हे सोळा सोमवार धरलेले. आणि नेमके त्याच दिवशी मोठे साहेब मोतीरामांची योजना बघायला यायचे होते.

योजना तशी हुशारीची. पंचवटीतल्या त्या अरुंद गल्लीत समोरासमोर टांगे अडायचे, आणि उभं राहायला जागा कुणालाच नसायची. मोतीरामांनी सुचवलं, सगळ्यांनी एकाच दिशेनं जावं. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात टांगे-मोटारी उभ्या कराव्यात. तशी बाणाची पाटीही लागली. (बाण शेंदरी रंगाचा असावा, हे पुतळाबाईंचं म्हणणं. शुभ असतो.)

गल्लीच्या मधोमध महादेवाचं देऊळ. रस्ता त्याला वळसा घालून पुढे जायचा. शौकतमियांचा टांगा नंदीपासून निघाला. देवळाच्या बाजूला अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ दिसताच पुतळाबाई ओरडल्या, "थांबा, थांबा! मागं घ्या!"

"काय विसरलं का, भाभी?"

"विसरले नाही हो. महादेवाची प्रदक्षिणा पन्हळीपर्यंतच. ती ओलांडायची नसते, आल्या वाटेनं परत जायचं."

"परत? आता वन-वे झालाय! आणि वळवू कुठं? बाजूला बघा, सगळे टांगेच उभे."

"मग घोडा मागं चालवा."

"हा?" शौकतमियांनी कपाळाला हात लावला. "याला पुढं चालवायचं तर हातापाया पडावं लागतं!"

पण माणूस भला. सोळावा सोमवार म्हटल्यावर त्यांनी लगाम खेचला, आणि देवाची करणी, घोडा पावलापावलानं मागं सरकू लागला. मग मागची हातगाडी सरकली, तिच्यामागची मेथीची बैलगाडी सरकली, आणि सगळ्यात शेवटी एक मोटार भोंगा वाजवत मागं हटली.

शिट्टी फुंकत शिपाई धावला. "उलटं कोण चाललंय?"

"उलटं कुठं, दादा?" पुतळाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "घोड्याचं तोंड बघा की. बाणाकडंच आहे."

शिपायानं घोडा पाहिला, बाण पाहिला, पुन्हा घोडा पाहिला. शिट्टी तोंडातच राहिली.

अशी अख्खी गल्ली बाणाकडं तोंड करून नंदीपर्यंत मागं आली. पुतळाबाईंनी भक्तिभावानं डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा मोटारीत मोठे साहेब होते, आणि शेजारी घामानं निथळणारे मोतीराम.

"कोण ह्या बाई?" साहेब गरजले.

मोतीरामांनी आधी घोड्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "असतील कुणी नवसवाल्या."

तेवढ्यात घोडा असा खिंकाळला, की पुतळाबाई दचकून मोतीरामांकडे बघत ओरडल्या, "अहो, धरा मला!" आणि साहेबांना सगळं कळलं.

आठवड्याच्या आत हुकूम आला : मोतीराम कायम! पुतळाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हुकुमाची दुसरी ओळ वाचून मोतीराम मटकन खाली का बसले, ते त्यांनी आनंदाच्या भरात विचारलंच नाही.

सतराव्या सोमवारी उद्यापन. चुरम्याचा डबा मांडीवर घेऊन त्या पुन्हा त्याच टांग्यातून निघाल्या. टांगा पन्हळीपाशी आला, तोच समोर लाल निशाण आडवं झालं.

"बाई, इथून मागं फिरायचं नाही."

"अहो, मी आहे!"

"म्हणून तर," निशाणाआडून मोतीराम म्हणाले, "साहेबांनी मला इथं कायम केलंय."